मधल्या फळीचं वय

मैत्रेयी कदमला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की ती "लाकडाचं वय सांगते" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. फरीदाबादच्या तिच्या सोसायटीत कुणी दिवाणाचं वय विचारतं, कुणी सासूच्या पेटीचं. एकदा तर शेजारच्या खुराना आंटी पोळपाट घेऊन आल्या. तो फाळणीत लाहोरहून आला असं त्यांच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलं होतं. मैत्रेयीने तो उलटा केला, खालच्या पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आंटी, ये तो बहुत बाद का है." खुराना आंटींनी पुढे दोन महिने लिफ्टमध्ये तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा नवरा सुधन्वा म्हणाला, "अगं, लाहोरचा म्हणून टाकायचं ना यार, तुझ्या बापाचं काय जात होतं?" बाप आतल्या खोलीत पेपर वाचत होते आणि त्यांनी हे ऐकलं, त्यामुळे सुधन्वालाच दोन दिवस खाली मान घालून वावरावं लागलं. मैत्रेयीला मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचे वडील हणमंतराव कदम विशीत असताना कोकणातून दिल्लीला आले. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, याखेरीज देवाधर्माचं काही नाही. गावाला ते शेवटचे गेले ते आईच्या मरणाला. आता ऐंशीचे आहेत, कान तिखट आहेत आणि जीभही.

रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरसमोर एक शिसवीचं झाड होतं. मैत्रेयी तिसरीत असताना ते वादळात पडलं, आणि नगरपालिकेच्या माणसांनी कापून नेलं तेव्हा बुंधा तेवढा राहिला. हणमंतरावांनी पोरीला तिथे नेऊन वलयं मोजायला लावली. झाड दर वर्षी एक वलय धरतं, बाहेरून आत मोजत गेलं की मागे मागे जाता येतं, हे तिला तेव्हा समजलं. आपल्या जन्माचं वलय बोटाने दाबून ती बराच वेळ बसली होती. पुढे देहरादूनला लाकडावर पीएचडी केली, परत येऊन मुनिरकाच्या एका बिनखिडकीच्या खोलीत राहून तात्पुरत्या नोकऱ्या केल्या, आणि अखेर दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत चिकटली. तिचं मराठी दिल्लीचं आहे. "उंबरठा" तिला कळतो, "घराचं जोतं" म्हटलं की वडिलांकडे बघावं लागतं.

प्रयोगशाळेत तिच्याकडे येतं ते बहुतेक देवाधर्माचंच असतं. लडाखच्या मठातल्या पोथ्यांची रंगीत लाकडी झाकणं, गोव्याच्या चर्चमधल्या वेदीमागच्या संतांच्या फळ्या, गुजरातच्या जैन देरासरातले चितारलेले पाट. कुणाचाही देव असो, तिच्या टेबलावर आला की त्याला नंबर मिळतो. काम असं: झाड हवेतला कार्बन घेतं आणि तो त्या त्या वर्षाच्या वलयात अडकतो. त्यातला एक प्रकार पुढे ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते यंत्रावर मोजलं की ते वलय कधीचं हे सांगता येतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जगभर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या तेव्हा हा कार्बन हवेत भसकन वाढला आणि मग हळूहळू उतरत गेला. त्यामुळे त्यानंतर वाढलेलं लाकूड लपूच शकत नाही. जुन्या लाकडाचं वय पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे होईल, पण नवं लाकूड दोन-चार वर्षांच्या फरकाने पकडलं जातं.

प्रत्येक व्याख्यानाच्या सुरुवातीला ती सांगते की हे वय लाकडाचं, चित्राचं नव्हे. लोक माना डोलावतात आणि शेवटी चित्राचंच वय विचारतात.

घोळवणची माळकाई तिच्या टेबलावर आली ती कोर्टातून. घोळवण हे कोकणातलं एक गाव. तिथे देवीची दगडी मूर्ती नाही. पुरुषभर उंच सागवानी फळीवर देवी रंगवलेली आहे, लाल लुगडं, मोठे डोळे, हातात धान्याचं कणीस. शिमग्याला ती फळी उचलून गावभर नाचवत नेतात. नऊ वर्षांपूर्वी ती देवळातून चोरीला गेली. मग कुणीतरी कुठल्याशा मासिकात एका फार्महाऊसचे फोटो पाहिले, गुडगावच्या पलीकडचं श्रीमंत माणसाचं घर, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर माळकाई. गावाने तक्रार केली, पोलिसांनी फळी ताब्यात घेतली. मालक म्हणाला की ही चोरीची नाहीच, ही नक्कल आहे, एका कारागिराकडून हौसेने करवून घेतलेली, लाकूडसुद्धा नवं आहे. गावाकडे काही जुने धुरकट फोटो होते. नक्कल फोटोसारखीच असणार, असं मालकाच्या वकिलाने सांगितलं. शेवटी कोर्टाने फळी प्रयोगशाळेत पाठवली आणि एकच प्रश्न विचारला: लाकूड जुनं की नवं? जुनं निघालं तर देवी गावाला, नवं निघालं तर मालकाला.

कोर्टाचं काम आलं की मैत्रेयीचे नियम कडक. दोन्ही बाजूंपैकी कुणाशी बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, लाकडाला विचारायचं. आपले वडील त्या भागातले आहेत हे तिने संचालकांना आधीच लिहून दिलं. संचालक हसून म्हणाले, "मैडम, इस हिसाब से तो मुझे किसी पंजाबी का केस नहीं लेना चाहिए." तुकडा कुठून काढायचा याचीही रीत ठरलेली आहे. चित्राला धक्का लागू नये म्हणून मागच्या बाजूने, कडेजवळून, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी. तिने खालच्या कडेतून दोन बारीक ढलप्या घेतल्या. सागवानच होतं. महिन्याभराने यंत्राने उत्तर दिलं आणि त्यात शंकेला जागा नव्हती. झाड एकोणीसशे ऐंशीनंतरही वाढत होतं. लाकूड नवं होतं.

तिने तसा रिपोर्ट लिहिला आणि पुढचं काम हातात घेतलं. संतांच्या फळ्या खोळंबून पडल्या होत्या.

रिपोर्टची प्रत दोन्ही बाजूंना गेली, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी कदमांच्या दाराची बेल वाजली. बाहेर सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चामडी चपला, काखेत छत्री. नोएडाहून मेट्रोने दोनदा गाडी बदलून आले होते आणि चांगलेच घामाघूम झाले होते.

"मी शशिकांत धुरी. पोस्टातून रिटायर झालो. घोळवणचा आहे."

मैत्रेयीने दार निम्मंच उघडं ठेवलं. "सॉरी. केसबद्दल मी एक शब्द बोलू शकत नाही. अलाउडच नाही."

"तुम्ही नका बोलू मॅडम. रिपोर्ट लागला, विषय संपला. मी इतकंच सांगायला आलो की तुमचा रिपोर्ट अगदी बरोबर आहे. ते लाकूड सत्त्याऐंशी साली तोडलं. मी तिथे उभा होतो."

हे ऐकून मैत्रेयीचा दारावरचा हात सैल झाला. आतून हणमंतराव म्हणाले, "अगं, उन्हातून आलेत, पाणी तरी दे. पाण्याला कोर्टाची परवानगी लागत नाही."

धुरी बसले, पाणी प्यायले, आणि मैत्रेयीकडे न बघता हणमंतरावांना सांगू लागले. माळकाईच्या फळीला भोवती चार बोटं रुंद चौकट आहे. नाचवताना हात लावायचा तो फक्त चौकटीला. मधल्या फळीला कुणी हात लावत नाही. हातांच्या घामाने, धक्क्यांनी चौकट झिजते, म्हणून पिढीत एकदा ती बदलतात. त्याला पालट म्हणतात. गावचा मेस्त्री जुनी चौकट काढतो, नवी बसवतो, सांध्यात लाख आणि भुसा भरतो, वरून चितारी रंग चढवतो. सांधा शोधूनही दिसता कामा नये. जुनी चौकट शिमग्याच्या होळीत जाते. शेवटची पालट अठ्ठ्याऐंशीत झाली. तेव्हा धुरी रजा काढून गावी गेले होते, सागाचं झाड निवडायला गेलेल्या मंडळींत होते.

"मग हे कोर्टात का नाही सांगितलं?" हणमंतरावांनी विचारलं.

धुरींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "पालट गावाबाहेर बोलत नाहीत. देवी तेव्हा उघडी असते ना. बाईमाणूस लुगडं बदलतं ते कुणी चारचौघांत सांगतं का? वकिलाने विचारलं, फळीबद्दल आणखी काही आहे का? सगळे मानकरी खाली बघत बसले. मीसुद्धा बसलो. म्हटलं, सायन्स आहे, त्यांना दिसेलच."

मैत्रेयी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोर्टाच्या नियमाने ती कुणाला विचारणार नव्हती आणि देवीच्या लाजेने गाव सांगणार नव्हतं, आणि दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

हणमंतरावांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "मधल्या फळीला कुणीच हात लावत नाही?"

"गुरवसुद्धा नाही. तो मोरपिसांनी झाडतो."

"आमच्या गावच्या देवळाला पायरीखाली एक दगड होता, धुरी. आमची मजल त्या दगडापर्यंत. मी सात वर्षांचा असताना पाऊस चुकवायला एकदा पायरीवर चढलो. माझ्या बापाला चारचौघांत नाक घासायला लावलं."

धुरी वाकून छत्री पायाशी ठेवू लागले.

"तुमच्याकडे होता का असा दगड?"

"होता." धुरींनी मान वर केली. "आता काढलाय. आता सभामंडपापर्यंत सगळे येतात. आत गुरव आणि मानकरी. मी खोटं नाही सांगणार तुम्हाला."

"बरं केलंत," हणमंतराव म्हणाले. कशाला बरं म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक.

धुरी गेल्यावर मैत्रेयीने सुधन्वाला सगळं सांगितलं. तो फॅक्टरीतला माणूस, त्याला लगेच सार कळतं. "म्हणजे तू गप्प बसलीस तर तुला कुणी काही म्हणणार नाही. रिपोर्ट तर सही आहे."

"हो."

"आणि बोललीस तर तुझ्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रिपोर्ट बदलावा लागणार."

"हो."

मैत्रेयीला राग आला होता आणि तो खरा होता. नाक घासल्याची गोष्ट तिने वडिलांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकली होती. एवढी वर्षं त्यांनी ती घरात काढली नाही, आणि एका परक्या माणसासमोर काढली. असल्या देवळासाठी, असल्या मानकऱ्यांसाठी आपण भर कोर्टात आपली चूक कबूल करायची? जाऊ दे ना ती देवी फार्महाऊसवर. तिथे निदान सगळ्यांनी तिला हात लावलाय. असं तिच्या मनात आलं, एकदा नाही, बऱ्याच वेळा आलं. वडिलांना विचारावं असंही वाटलं. पण ते पेपरात तोंड खुपसून बसले होते आणि त्यांना विचारणं म्हणजे ओझं त्यांच्या डोक्यावर देणं होतं.

सोमवारी तिने फळी पुन्हा टेबलावर घेतली. तिरप्या उजेडात पाहिलं, सांधा दिसला नाही. बोटांनी चाचपलं, लागला नाही. चितारी आपल्या कामात पक्का होता. मग तिने एक्स-रे काढला. चारही बाजूंनी, चार बोटं आत, सरळ काळी रेघ. तिचे दोन्ही नमुने रेघेच्या बाहेरचे होते.

ती रेघ पाहिल्यावर राग कुठे गेला नाही, पण निर्णय मात्र झाला. एका लाकडाबद्दल विचारलं होतं आणि तिने दुसऱ्याच लाकडाचं वय सांगितलं होतं. खुराना आंटींच्या पोळपाटाबाबतीत खरं सांगण्यापासून जी माघार घेतली नाही, ती इथे कशी घेणार?

संचालकांना हे पटेना. "रिपोर्ट गलत थोड़े ही है मैडम. जो सैंपल था, उसकी डेट सही है. कोर्ट ने मांगा नहीं तो हम क्यों दें?" मैत्रेयी म्हणाली, "सर, सैंपल मैंने लिया था. जगह मैंने चुनी थी." संचालकांनी कपाळाला हात लावला, पण पत्रावर सही केली. मालकाच्या वकिलाने कोर्टात तिची यथेच्छ टर उडवली. आज चौकट म्हणता, उद्या खिळा म्हणाल. शेवटी कोर्टाने मधल्या फळीतून नमुना घ्यायला सांगितलं.

आता घोळवणवाल्यांनी हात वर केले. मधल्या फळीला भोक पाडायचं म्हणजे देवी खंडित होणार, आणि खंडित देवी पूजेला चालत नाही. म्हणजे नमुना घेतला तर देवी आपली ठरणार, पण मग पाण्यात सोडावी लागणार. धुरींचा फोन आला. आईने आपल्या डोळ्यांनी तिला परत आलेलं बघावं एवढंच मागणं होतं, म्हणाले. त्यांच्या आई कुसुमावती नव्वदीच्या पुढच्या, आणि नऊ वर्षं त्यांनी शिमग्याला घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

नमुना कसा घ्यायचा ते दोन्ही बाजूंशी बोलून ठरवा असं कोर्टाने सांगितलं होतं, त्यामुळे आता बोलायला बंदी नव्हती. मैत्रेयीने विचारलं, "चौकट काढली तर ती खंडित होते का?"

"नाही, छे. ती तर पालट."

"मग पालट इथे करा. चौकट निघाली की मधल्या फळीची कड उघडी पडेल. तिथे रंग नाही, चित्र नाही. मला तेवढी पुरेल."

घोळवणहून गुरव आणि मेस्त्री निजामुद्दीनला उतरले ते पोत्यात हत्यारं आणि कळशीत नदीचं पाणी घेऊन. कळशी प्रयोगशाळेच्या फाटकावर अडली. मग पादत्राणांवरून पेच पडला. गुरवाचा आग्रह की देवीसमोर सगळ्यांनी अनवाणी यायचं. प्रयोगशाळेचा नियम असा की पायांवर प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या चढवल्याशिवाय आत यायचं नाही. शेवटी पोलीस, वकील, संचालक, सगळे अनवाणी पायांवर निळ्या पिशव्या चढवून चुरचुर आवाज करत आत आले. मालकाच्या वकिलाच्या मोज्याला भोक होतं हे बूट काढताना सगळ्यांना दिसलं.

मेस्त्रीने लाख उष्णतेने मऊ केली, लाकडी खुंट्या ठोकून काढल्या आणि चारही पट्ट्या अलगद सोडवल्या. त्याने हात फक्त पट्ट्यांना लावला. मधली फळी टेबलावर उरली. गुरवाने डोळे मिटून घेतले आणि सगळ्यांनी मिटावेत अशी त्याची अपेक्षा होती, पण वकिलांना बघणं भाग होतं.

"आता मला फळी उभी करायची आहे, कडेवर," मैत्रेयी म्हणाली. "मी धरते."

गुरवाने डोळे उघडले. तो तिच्याकडे पाहत राहिला. तिचं आडनाव, तिच्या वडिलांचं गाव, सगळं त्याला ठाऊक होतं. कोकणी माणसाला दोन प्रश्नांत सगळं ठाऊक होतं. तो धुरींच्या कानाशी वाकला, पण खोली शांत असल्याने सगळ्यांना ऐकू गेलं. "हातात मोजे घालणार ना त्या?"

मैत्रेयीच्या हातात मोजे आधीच होते. ते रोज असतात. माणसाच्या हाताचा घाम आणि तेल लाकडाला लागलं तर त्यातला आजचा कार्बन नमुन्यात शिरतो आणि वय चुकतं. त्या क्षणी ते ओरबाडून काढावेत आणि दोन्ही पंजे त्या लाल लुगड्यावर टेकवावेत असं तिला इतकं वाटलं की बोटं आखडली. धुरी जमिनीकडे बघत होते.

"घातलेत," ती म्हणाली. "नेहमीच घालते."

आणि तिने फळी उचलून उभी केली. आपण मोजे का ठेवले हे तिला माहीत होतं. गुरवाला ते वेगळंच वाटणार, आणि घोळवणला जाऊन तो वेगळंच सांगणार, हेही माहीत होतं. तरी नमुना खराब करणं तिच्याच्याने झालं नाही. पुढची वीस मिनिटं ती फळीच्या कडेची वलयं भिंगाखाली बघत होती, आणि तिचे डोळे भरून येत होते तेव्हा ती थांबून बाजूला होत होती, कारण तेही लाकडाला लागून चालणार नव्हतं.

कडेने आपलं सगळं सांगितलं. तिथे खुंट्यांची भोकं होती, एकाशेजारी एक, वेगवेगळ्या मापांची, निरनिराळ्या पालटींची. काहींत जुन्या खुंट्यांची मोडकी टोकं तशीच अडकून राहिली होती. मैत्रेयीने कडेच्या तीन वेगवेगळ्या वलयांतून केसाएवढ्या ढलप्या घेतल्या आणि दोन मोडक्या खुंट्यांतून कण घेतले. मेस्त्रीने त्याच चौकटीत नव्या खुंट्या मारून फळी पुन्हा झाकली.

मधल्या फळीचं सर्वांत बाहेरचं वलय सतराव्या शतकाच्या शेवटाकडचं निघालं. मोडक्या खुंट्यांपैकी एक दीडेकशे वर्षांपूर्वीची, दुसरी साठेक वर्षांपूर्वीची. जुनं लाकूड आणून कुणी नक्कल केली असती, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुंट्या कोण आणून मोडणार? आणि चौकट ऐंशीनंतरची, म्हणजे धुरी सांगत होते त्या पालटीशी जुळणारी. ज्या रिपोर्टने गाव हरणार होतं, तोच पहिला रिपोर्ट गावाच्या बाजूने उभा राहिला. कोर्टाने देवी घोळवणला द्यायचा हुकूम केला.

धुरी पेढे घेऊन आले. हणमंतरावांनी पेढा खाल्ला. "शिमग्याला तुम्ही सगळ्यांनी यायलाच हवं," धुरी म्हणाले आणि मग स्वतःच थांबले.

"कुठपर्यंत?" हणमंतरावांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

धुरींनी पेढ्यांचा डबा बंद केला. "मी गावाला विचारतो," म्हणाले. "मनापासून विचारतो."

आता एक गोष्ट मैत्रेयीच्या हातात होती. अशी वस्तू परत देताना प्रयोगशाळा अटी घालते, आणि त्यातली एक नेहमीची असते: वस्तू जिथे ठेवणार ती जागा तज्ज्ञाने आत जाऊन तपासायची, दमटपणा मोजायचा, मगच ती तिथे लावायची. कोर्टाचा हुकूमच असतो तो, कुणी अडवू शकत नाही. एरवी मैत्रेयी हे काम हाताखालच्या सुखदाकडे देते. या वेळी तज्ज्ञाच्या जागी तिने स्वतःचं नाव घातलं आणि कागद घरी आणून वडिलांना दाखवला. मदतनीस म्हणून एक माणूस बरोबर नेता येतो, हेही सांगितलं.

हणमंतरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं. त्यांचे डोळे चमकले, ते तिने पाहिलं. मग त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"तू जा हवं तर. तुझं कामच आहे. मला नाही यायचं. मला तिथे हुकूम घेऊन नाही चढायचं गं. ती पायरी मी पावसाला घाबरून चढलो होतो, आता पोलिसांच्या जिवावर चढू?"

"मग कसं यायचंय तुम्हाला?"

"कुणी या म्हटलं तर."

मैत्रेयीने दुसऱ्या दिवशी आपलं नाव खोडून सुखदाचं घातलं. सुखदा गेली, दमटपणा मोजून आली, गाभारा छान आहे म्हणाली, काजूही घेऊन आली. माळकाई आपल्या जागी गेली. शिमग्याला नाचली. धुरींनी फोनवर व्हिडिओ पाठवला: माणसांच्या डोक्यांवरून झुलणारी लाल फळी, आणि ओसरीवर खुर्चीत बसलेल्या कुसुमावती, हात जोडून, रडत. हणमंतरावांनी तो मोठा करून करून पाहिला. म्हातारीचं बरं झालं, म्हणाले, आणि त्यांना ते खरोखर बरं वाटलं होतं.

धुरींचे फोन अजून येतात. कधी नोएडातल्या थंडीबद्दल, कधी गुडघ्यांबद्दल. गावाच्या बैठकीत विषय काढल्याचं त्यांनी एकदा सांगितलं, पुढच्या बैठकीत पुन्हा काढणार आहेत असंही सांगितलं. त्यानंतर दुसरा शिमगाही होऊन गेला. हणमंतरावांना आता ऐंशी पूर्ण झाली. फोन वाजला की ते पेपर खाली करतात, कुणाचा आहे ते कान देऊन ऐकतात, आणि दुसऱ्याच कुणाचा असला की पुन्हा वाचायला लागतात.